प्रौढांचे वर्ग ओस का पडतात?

आपल्या मंडळाच्या येत्या वार्षिक सभेपुढे जे विषय यावयाचे आहेत, त्यांत प्रौढ शेतकऱ्यांचा धंदेशिक्षणाचा वर्ग पुढे चालू ठेवावा की बंद करावा, हा एक विषय आहे. ‘आमचे लोक शिकावयास येतच नाहीत, सबब वर्गावर होणारा खर्च प्रदर्शनाकडे वळवावा,’ असा कित्येक सन्माननीय सभासदांचा अभिप्राय पडला आहे. या अभिप्रायाशी मी सहमत नाही. का नाही, हे सभेपूर्वी सभासदांच्या नजरेस आणावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

मी शिक्षणशास्त्रज्ञ नाही. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि उपनगरातील एका तहसील कचेरीत शिपाई म्हणून लागलो. पुढे नोकरी सांभाळून रात्रशाळेत कशीबशी एक परीक्षा दिली, तेव्हा शिपायाचा कारकून झालो, आणि त्याच दप्तरातून गतवर्षी निवृत्त झालो. रात्रशाळा मी दोनदा सोडली होती. त्यामुळे प्रौढ मनुष्य वर्ग का सोडतो, हे मला पुस्तकावरून शिकावे लागले नाही.

पहिल्या वेळी मी एकोणीस वर्षांचा होतो. दिवसभर कचेरीत फायली वाहून सायंकाळी वर्गात बसलो, की डोळ्यांवर झापड येई. एके दिवशी मास्तरांनी मला उभे करून लहान मुलांच्या पुस्तकातील धडा मोठ्याने वाचावयास लावले. मी अडखळलो. मागील बाकावरचे दोघे हसले आणि मास्तरही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. हजेरीपटावर माझ्या नावापुढे ‘गैरहजर’ असे लिहिले गेले. परंतु कारणाचा रकाना त्या पटावर नव्हता. दुसऱ्या वेळी वर्ग सुटला तो कचेरीतील वसुलीच्या दिवसांमुळे. मार्च महिन्यात महसुली कचेरीत रात्री नऊपूर्वी कोणी घरी जात नाही, आणि परीक्षा नेमकी त्याच सुमारास. तिसऱ्या वेळी मी टिकलो, ते एका अव्वल कारकुनांमुळे. त्यांनी आवक-जावक बारनिशी माझ्या हाती दिली व सांगितले, ‘हे लिहावयास शीक, रात्री शिकशील ते सकाळी येथे उपयोगी पडेल.’ शिकलेली गोष्ट दुसऱ्याच दिवशी हातास आली, आणि त्यानंतर मला कोणी वर्गाला ओढून नेण्याची गरज पडली नाही.

आता आपल्या वर्गाकडे वळू. दोन वर्षांपूर्वी मंडळाने हा वर्ग प्रथम काढला, तेव्हा हजेरीपट ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. वर्ग जूनमध्ये सुरू झाला. वेळ सायंकाळी सात ते नऊ, आणि जागा एका प्राथमिक शाळेची खोली. पटावर बत्तीस नावे चढली. भात लावणीच्या पंधरवड्यात ती निम्म्यावर आली, आणि दसऱ्यास सात उरली. व्याख्याते शहरातून येत. विद्वान होते, परंतु कधी गाडी चुके, कधी पाऊस अडवी. बत्तिसांची वाट पाहून साताठांना शिकविणाऱ्याच्या तोंडावर जी निराशा दिसे, ती मी पाहिली आहे. म्हणून मी त्यांना दोष देत नाही.

पाहणीच्या कामाची सवय असल्यामुळे मी एक गोष्ट केली. जे पंचवीस जण गळाले, त्यांच्या घरी एकेक करून गेलो. एकोणीस जण भेटले. आठ जणांनी वेळेचे कारण सांगितले: लावणी, पहाटे चारचे दूध, सकाळच्या पहिल्या होडीने बाजारात न्यावयाची भाजी. पाच जणांनी आडवळणाने का होईना, लाजेचे कारण सांगितले. मुलांच्या बाकावर गुडघे मुडपून बसावे लागते; पुतण्याच्या वयाच्या माणसांसमोर प्रश्न विचारतात आणि उत्तर येत नाही. चौघे म्हणाले, शिकविलेले आमच्या कामाचे नव्हते. दोघांच्या घरी आजारपण होते. एकोणिसांपैकी एकानेही ‘मला शिकावयाचेच नाही’ असे म्हटले नाही. गोराईकडील एक वृद्ध बागाईतदार तर मला म्हणाले, ‘भाऊ, कलम कसे बांधावे हे मला कोण शिकविणार? चाळीस वर्षे बांधतो आहे. मला तो फोनवर पिकाचा कागद भरावयास शिकवा. नातू घरी नसला, की मी आंधळा.’

या एका वाक्यात सगळा विषय आला आहे. आपण त्यांना जे येते ते शिकवीत होतो, आणि जे अडते ते शिकवीत नव्हतो.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, उपनगरात आता शेतीच कोठे राहिली, की तिचे वर्ग काढावे? अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील कित्येक गावांचे सातबारे जाऊन मालमत्ता पत्रके झाली, आणि शेताची नावे रस्त्यांना व गृहसंकुलांना उरली, हे मी माझ्याच हातांनी दप्तरात पाहिले आहे. तथापि गोराई व मनोरीकडे भाजीपाला होतो. आरेच्या पाड्यांतून आदिवासी कुटुंबे भात व भाजी पिकवितात. आणि आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या जमिनी वसई, पालघर, मुरबाड इकडे आहेत. किंबहुना जमीन जितकी कमी व मोलाची, तितके तिच्या मालकाने शहाणे असणे अधिक अगत्याचे. एकरभर जमीन ज्याची उरली आहे, त्यास रोपवाटिका, दुग्धव्यवसाय, फुलशेती अशा नव्या धंद्याकडे वळावे लागते, आणि पन्नाशीत नवा धंदा शिकणे म्हणजे पुनः पाटी घेणे होय.

आणि जो शिकत नाही, त्याचे काय होते? एक प्रसंग सांगतो. नावगाव सांगत नाही. एका बाईंचा बाप वारला. वारसाच्या फेरफारात भावांची नावे आली, बाईंचे नाव आले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० अन्वये फेरफाराची नोटीस हितसंबंधितांस द्यावी लागते, आणि हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. नोटीस बाईंच्या घरी पोहोचली होती. त्यांनी ती घडी करून देवाच्या कोनाड्यात ठेवली. सरकारी कागद आहे, जपून ठेवावा, इतकेच त्यांना कळले. मुदत संपली आणि नोंद प्रमाणित झाली. पुढे त्या अपिलात गेल्या, आणि माझ्या निवृत्तीपर्यंत त्या अपिलाच्या तारखाच पडत होत्या. तो कागद त्यांना वाचता आला असता, तर चार ओळींच्या अर्जाने काम झाले असते. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही गत.

पूर्वी वाचता न येणारा शेतकरी चावडीवर जाऊन तलाठ्याला विचारीत असे. आता तो मार्गही अरुंद झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतातील पिकाची नोंद गाव नमुना बारामध्ये यावी म्हणून शेतकऱ्याने स्वतः फोनवर गट क्रमांक निवडून, पीक व क्षेत्र भरून, शेतात उभे राहून छायाचित्र घ्यावयाचे असते. योजना चांगली आहे. आपल्या पिकाची साक्ष आपणच द्यावी, यात मान आहे. परंतु ज्याला ते भरता येत नाही, तो दुसऱ्याच्या पोराच्या मर्जीवर राहिला. नोंद राहून गेली, तर शेतात पीक डोलते आहे आणि कागदावर ते नाही, असा प्रकार होतो. मग पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई अशा प्रत्येक वेळी त्यास अडचण पडते. वर्ग बंद करणे म्हणजे अशा माणसांस त्यांच्या नशिबावर सोडणे होय.

प्रौढांचे वर्ग टिकत नाहीत, ही तक्रार आजची नाही, आणि तिच्यावरील उपायही आजचे नाहीत. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा ज्यांना पोटासाठी राबावे लागते, त्यांची शाळा दिवसा भरून चालणार नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, तिनेही कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविली. डॉ. आंबेडकर यांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळच्या वेळी वर्ग भरविण्याची सोय केली. वेळ विद्यार्थ्याने शाळेच्या सोयीने काढावयाची नसून शाळेने विद्यार्थ्याच्या सोयीने ठेवावयाची, हा या सर्वांतील समान धागा आहे.

परदेशातील दाखला हवा असेल, तर डेन्मार्क देशाचा घ्यावा. तेथे ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाच्या विचारांवरून १८४४ साली रोडिंग या गावी पहिले लोकविद्यालय निघाले. पुढे अशी विद्यालये देशभर झाली. शेतकऱ्यांचे तरुण मुलगे हिवाळ्यात, जेव्हा शेत बर्फाखाली असे, तेव्हा काही महिने तेथे राहत. परीक्षा नव्हती. शिक्षक व विद्यार्थी एकत्र जेवत, गात व बोलत. त्याच देशातील शेतकऱ्यांनी पुढे सहकारी दुग्धालये उभारून जगाच्या बाजारात नाव मिळविले. शिक्षणाने आधी माणसाचा धीर वाढविला आणि मग धंदा वाढला, असे तेथील जाणते सांगतात.

आपल्या सातारा जिल्ह्यातील ग्रामशिक्षण मोहिमेपासून तर दोन धडे मिळतात. १९५९ साली तेथे प्रौढ साक्षरतेची मोहीम सुरू झाली. एकेका माणसाला शिकवीत न बसता सबंध गावाने साक्षर व्हावयाचे असा तिचा बाणा होता. गाव साक्षर झाले, की ग्रामगौरव समारंभ होई. आपल्यामुळे गावाचा गौरव अडू नये, या भावनेने म्हातारी माणसे पाटी घेऊन बसली. मोहीम पुढे राज्यभर नेण्यात आली, आणि १९७२ साली युनेस्कोने तिचा सन्मान केला. हा पहिला धडा: मान दिला की माणूस येतो. दुसरा धडा कडू आहे. समारंभ झाले, तोरणे उतरली, आणि नव्याने वाचू लागलेल्या माणसांच्या हाती वाचावयास पुरेसे काही नव्हते. त्यामुळे कित्येक पुनः अक्षरे विसरले. न वापरलेला विळा गंजतो, तद्वत न वापरलेले अक्षरही गंजते.

याच्या उलट, आपल्या जवळचे उदाहरण मुरबाड तालुक्यातील फांगणे गावचे आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ निघाली. साठीच्या पुढील आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर पाठीस लावून शाळेत जाऊ लागल्या. शाळेची वेळ दुपारची, म्हणजे घरातील व शेतातील काम आटोपल्यानंतरची. त्यांना पोथी वाचावयाची होती, अंगठ्याऐवजी सही करावयाची होती. वेळ त्यांची, हेतू त्यांचा, आणि मान सर्व गावाचा. मग त्या टिकल्या यात नवल काय? सत्तरीची आजी शिकू शकते, तर चाळिशीचा बागाईतदार शिकू शकत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

शेतीच्याच शिक्षणाचे उदाहरण पाहिजे असेल, तर इंडोनेशियाचे पाहावे. तेथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी कहर केला होता. औषधे जितकी अधिक फवारावी, तितके तुडतुड्यांचे शत्रू असलेले कोळी व मित्रकीटक मरत, आणि रोग वाढे. १९८६ साली त्या सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांस मनाई केली, आणि १९८९ पासून शेतातच शाळा भरविण्याचा उपक्रम सुरू झाला. पंचवीस-तीस शेतकरी आठवड्यातून एकदा सकाळी शेतात जमत, रोप उपटून पाहत, कीटक मोजत, चित्र काढून दाखवीत आणि आपसांत वाद करून काय करावे ते ठरवीत. पेरणीपासून कापणीपर्यंत हाच क्रम चाले. शिक्षक उत्तर सांगत नसे, प्रश्न विचारीत असे. याच धर्तीवरील शेतीशाळा आज आपल्या राज्याचा कृषी विभागही भरवितो. अशा शाळेस फळा लागत नाही आणि बाकही लागत नाहीत.

या सर्वांवरून धडा घेऊन गेल्या वर्षी आपल्या वर्गात काही बदल केले. ते मोठे नव्हते. वर्ग दिवाळीनंतर सुरू करून होळीपूर्वी संपविला. वेळ दुपारी तीन ते साडेचार ठेवली. कारण त्या वेळी भाजीवाला बाजारातून परतलेला असतो आणि संध्याकाळची धार व्हावयाची असते. जागा शाळेची न घेता एका सभासदाच्या खळ्यावर सतरंजी अंथरली. पटावर सव्वीस नावे होती. शेवटच्या दिवशी एकोणीस होती. कोणी म्हणेल, यात मोठेसे काय? परंतु आदल्या वर्षीच्या सातांशेजारी हे एकोणीस ठेवून पाहावे.

वर्गात शिकविले कसे, तेही सांगतो. पहिला धडा प्रत्येकाच्या स्वतःच्या सातबाऱ्याचा घेतला. माझ्या सेवेत मी हे अनेकदा पाहिले आहे, की ज्याला वाचता येत नाही असा मनुष्यही स्वतःच्या गट क्रमांकावर बोट ठेवतो. ज्या कागदावर आपले नाव व आपल्या बापाचे नाव आहे, तो कागद मुळाक्षरांच्या तक्त्याहून लवकर वाचता येतो. उताऱ्यावर ०.२०.५० असे क्षेत्र दिसले. हे किती? हेक्टर शून्य, आर वीस, चौरस मीटर पन्नास. गुंठ्यांत सांगावयाचे, तर सव्वावीस गुंठ्यांच्या जवळपास. गुंठे तोंडपाठ असलेल्या, परंतु दशांश चिन्हास भिणाऱ्या माणसांनी हा हिशेब अर्ध्या तासात आत्मसात केला. एका गृहस्थाने तेथल्या तेथे सांगितले, की आपल्या उताऱ्यात भावाचा हिस्सा चुकीचा दिसतो. तो गृहस्थ पुढे एकही दिवस चुकला नाही.

शेकडेवारीचा धडा मिठाच्या पाण्यावर घेतला. भाताचे बियाणे पेरणीपूर्वी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकावयाचे. म्हणजे दहा लिटर पाण्यास तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणा वर तरंगतो तो काढून टाकावा. तळाचा भरीव दाणा दोनतीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावा. प्रत्येकाने घरून मूठभर बियाणे आणले होते. कोणाच्या बियाण्यात किती पोचट निघते, याची चढाओढ लागली. तीन टक्के म्हणजे काय, हे त्या दिवशी सर्वांस समजले, आणि पाच लिटर पाण्यास मीठ किती, हे मला कोणाला विचारावे लागले नाही. घरी जाताना प्रत्येकाजवळ दुसऱ्या दिवशी बायकोस दाखविता येईल अशी एक गोष्ट होती.

तिसरी गोष्ट अशी, की ज्याला जे येते ते त्याने शिकवावे असे ठरविले. ते गोराईकडील वृद्ध बागाईतदार एके दिवशी शिक्षकाच्या जागी बसले व त्यांनी आंब्याचे कोय कलम बांधून दाखविले. पुढच्या दिवशी तेच विद्यार्थी होऊन फोनवर पीक पाहणी भरावयास शिकले. त्यांना शिकविणारा मुलगा बावीस वर्षांचा होता. आदल्या दिवशी त्याने त्यांच्याकडून कलम शिकले होते. त्यामुळे त्याच्याकडून शिकताना त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे, त्याला घेताना लाज वाटत नाही.

तथापि सर्व काही साधले, असे मी म्हणत नाही. शेतात निम्म्याहून अधिक काम ज्या करतात, त्या बायका वर्गास आल्या नाहीत. एका बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘भाऊ, तुमचा वर्ग पुरुषांच्या खळ्यावर. तेथे आम्ही सुना कशा बसणार?’ चूक आमची होती. पाड्यांवरील लोकांपर्यंतही आम्ही पोहोचलो नाही. आणि जे सात जण गळाले, त्यांपैकी तिघांकडे जावयास मला उशीर झाला. दोन दिवस न आलेल्या माणसाकडे तिसऱ्या दिवशी कोणी तरी गेले पाहिजे. रागे भरावयास नव्हे, तर सहज विचारपूस करावयास. दोन आठवडे लोटले, की माणूस स्वतःच्या मनाशी ‘मी सोडले’ असे ठरवून बसतो, आणि मग परत येणे त्यास अवघड होते. हे मी एकोणिसाव्या वर्षी अनुभवले आहे. त्या वेळी मास्तरांचा एक निरोप जरी आला असता, तरी मी गेलो असतो.

आता वर्गाविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करू. ‘ज्याला गरज आहे तो येईल,’ असे म्हणतात. हे खरे नाही. ज्याची गरज मोठी, त्याचीच अडचणही मोठी असते. दोन गाई असलेल्यास गडी ठेवता येत नाही, म्हणून तो वर्गास येऊ शकत नाही. वीस गाई असलेला येतो. गरजेवर भिस्त ठेवली, तर वर्ग ज्यांना कमी गरज आहे त्यांच्यासाठीच चालेल. दुसरा आक्षेप असा, की प्रमाणपत्राने कोणाचे काही भले झाले नाही. मान्य. म्हणून प्रमाणपत्राच्या आशेवर वर्ग चालवू नये. ज्यांना पुढे पदविका घ्यावयाची आहे, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे व तेथे शेतीचे अभ्यासक्रम चालतात. मुलुंड, बोरिवली येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. आपला वर्ग त्यांच्या दारापर्यंत नेणारी पायवाट व्हावी, एवढे पुरे. तिसरा आक्षेप, की दोन वर्षांत फळ दिसले नाही. आंब्याचे कलम लावून दुसऱ्या वर्षी आपण करंड्या मागत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र ‘पी हळद आणि हो गोरी’ असा आपला आग्रह असतो.

प्रदर्शनाच्या मी विरुद्ध नाही. मोठा भोपळा व लांब दुधी पाहून मनास आनंद होतो. परंतु प्रदर्शन एका दिवसाचे. तेथे येणारा पाहून जातो. वर्गात येणारा करून जातो. दोन्ही करावी, आणि दोन्हींस पैसा पुरत नसेल, तर आधी वर्ग करावा.

सबब सभेपुढे माझ्या सूचना येणेप्रमाणे आहेत.

(१) वर्ग दिवाळीनंतर सुरू करावा व होळीपूर्वी संपवावा; पावसाळ्यात केवळ हंगामाचे एकेक दिवसाचे धडे, उदाहरणार्थ कोय कलमाचा, शेतावरच घ्यावेत. वेळ येणाऱ्या माणसांनी पहिल्या बैठकीत ठरवावी.

(२) पहिल्या बैठकीत प्रत्येकास ‘तुमचे काय अडते?’ एवढेच विचारावे, आणि त्या उत्तरांवरून धडे ठरवावे. प्रत्येक धड्यास, घरी जाऊन दुसऱ्या दिवशी करता येईल असे एक काम असावे.

(३) स्त्रियांचा वर्ग निराळा, त्यांच्या सोयीच्या जागी व त्यांच्यापैकीच एकीच्या देखरेखीखाली काढावा. त्यात वारसाची नोटीस वाचण्याचा धडा पहिला असावा.

(४) हजेरीपटावर कारणाचा रकाना घालावा, आणि दोन दिवस न आलेल्याकडे तिसऱ्या दिवशी जाण्याचे काम एका सभासदाने अंगावर घ्यावे. हे काम मी स्वतः बिनमोबदला करीन.

(५) वर्ग संपल्यावर वाचन संपू नये म्हणून या मासिकाचा अंक महिन्यातून एकदा खळ्यावर सामुदायिकरीत्या वाचावा. साताऱ्यास जे झाले, ते आपल्याकडे होऊ नये.

वाचकहो, हे मासिक ज्यांना वाचता येते, तेच वर्ग ठेवावा की काढून टाकावा याचा निर्णय करणार आहेत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचे मत सभेत कोणी विचारणार नाही. म्हणून आपणांवर जबाबदारी अधिक आहे. सभेस येण्यापूर्वी आपल्या शेजारच्या एका तरी गळालेल्या विद्यार्थ्याच्या घरी जाऊन यावे, त्याच्या ओटीवर बसून कारण विचारावे, आणि मग मत द्यावे. तसे केल्यावर वर्ग बंद करण्याच्या बाजूने कितीशी मते पडतात, ते मी सभेत पाहीनच. असो.

— एक निवृत्त महसूल कारकून